युग्लीना बघायला फोल्डस्कोप पुरतो का?

स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तयार केलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक आता बऱ्याच शाळांत पोचला आहे. वर्धन 140 पट, तपशील साधारण 2 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डबक्यातला युग्लीना हा एकपेशी हिरवा जीव मुलांना जिवंत दाखवायचा असेल तर जरूर घ्या. फक्त कशाभिका, म्हणजे पोहायला लागणारं त्याचं चाबकासारखं शेपूट, दिसेल अशी आशा धरू नका. ती एका मायक्रॉनपेक्षा बारीक असते, त्यामुळे हे भिंग तिथे थकतं. तिच्यासाठी कॉलेजातला सूक्ष्मदर्शक 400 पटीवर लावून खालचा प्रकाश कमी करावा लागतो.

बाकी बरंच दिसतं. 'युग्लीना ग्रॅसिलिस' (युग्लीनाची एक जात) 35 ते 50 मायक्रॉन लांब, म्हणजे फोल्डस्कोपच्या आवाक्यात आरामात बसणारा. आतली हिरवी हरितलवकं दाणेदार दिसतात आणि पुढच्या टोकाजवळ नारिंगी-लाल नेत्रबिंदू ठिपक्यासारखा उठून दिसतो. तो डोळा नव्हे. प्रकाश ओळखणारा भाग कशाभिकेच्या मुळाशी असतो, नेत्रबिंदू त्याच्यावर सावली पाडतो आणि त्यावरून पेशीला उजेडाची दिशा कळते.

खरी कसोटी स्लाइड बनवण्यात आहे. पाणी गुरांच्या पाणवठ्याचं किंवा शेण मिसळलेल्या हिरव्या डबक्याचं घ्या, नळाच्या स्वच्छ पाण्यात काही मिळणार नाही. बाटली खिडकीत ठेवून उजेडाच्या बाजूला हिरवा पट्टा जमतो का बघा आणि ड्रॉपरने थेंब तिथूनच उचला. थेंब लहान हवा. मोठा घेतला की कव्हरस्लिप (थेंबावर ठेवायची पातळ काच) तरंगते, पेशी वर-खाली पोहत राहतात आणि फोकस काही केल्या टिकत नाही. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू घातले की पेशी त्यांत अडकून मंदावतात. मग कव्हरस्लिपच्या कडेला टिपकागद लावून थोडं पाणी शोषून घ्या. जागा कमी पडली की युग्लीना पोहणं सोडतो आणि अंग आवळत-फुगवत सरकू लागतो: मधे फुगवटा येतो, तो मागे सरकतो, पेशी क्षणभर गोल होते, पुन्हा लांबते. पेशीभित्तिका नसल्यामुळेच हे जमतं, आणि फोल्डस्कोपमध्ये हे फार छान दिसतं. जास्त पाणी ओढलं तर मात्र पेशी चेपून मरतात.

कव्हरस्लिपची बाजू भिंगाकडेच हवी. ती उलटी गेली तर काचेच्या जाडीमुळे फोकस लागत नाही, आणि 'बिघडलाय' म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ हेच असतं. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवावा लागतो, म्हणून चष्मा काढा. उजेडासाठी आकाश किंवा ट्यूबलाइट पुरते. सूर्याकडे कधीही रोखू नका.

मोबाइलला चुंबकी कडीने जोडता येतो, पण दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोन जवळचं काही दिसलं की आपोआप दुसरा कॅमेरा निवडतात आणि चित्र गायब होतं. मुख्य कॅमेरा ठरवून घ्या, फोकस लॉक करा, झूम थोडा वाढवा. वर्गात दाखवायला हाच मार्ग सोयीचा, कारण एकेकाने डोळा लावेपर्यंत थेंब सुकतो.

युग्लीना प्राणी की वनस्पती, या वादासाठीही उपकरण कामी येतं. उकळून गार केलेल्या पाण्यात गव्हाचे तीन-चार दाणे टाका, डबक्याचं थोडं पाणी घाला आणि दोन बरण्या भरा. झाकण सैल ठेवा. एक उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको, दुसरी बंद कपाटात. अंधारातल्या 'ग्रॅसिलिस'चा हिरवा रंग हळूहळू उतरतो, तरी पेशी पाण्यात विरघळलेलं अन्न शोषून जगतात. उजेडात आणल्या की पुन्हा हिरव्या होतात. युग्लीना तोंडाने शेवाळं गिळतो असं काही टिपणांत लिहितात, ते या जातीला लागू नाही. आयोडीनचा थेंब टाकून पिष्टाचा निळा-काळा रंगही मिळणार नाही, कारण साठा पिष्टाचा नसून पॅरामायलॉन नावाच्या वेगळ्या कर्बोदकाचा असतो. शिवाय आयोडीनने पेशी मरतात, म्हणून ही चाचणी शेवटी करा.

भिंगावर डबक्याचं पाणी लागलं तर सुकू देऊ नका. मऊ सुती कापडाचं टोक ओलं करून लगेच हलकेच पुसा, नाहीतर क्षारांचा डाग पुढच्या प्रत्येक चित्रात दिसत राहील.