चिठ्ठीवर एचेव्हेरिया, कुंडीत ग्रॅप्टोव्हेरिया: सांगलीच्या गच्चीवरचा अनुभव

सांगलीच्या उन्हात गच्चीवर एकच सक्युलेंट (जाड, रसाळ पानांत पाणी साठवणारं झाड) ठेवायचं असेल तर मी डोळे झाकून ग्रॅप्टोव्हेरियाच सुचवेन. गेल्या गणपतीनंतर घेतलेलं रोप थंडी, उन्हाळा आणि निम्मा पावसाळा काढून ठणठणीत आहे. नर्सरीच्या चिठ्ठीवर ‘एचेव्हेरिया’ होतं. हा खरं तर ग्रॅप्टोपेटालम आणि एचेव्हेरिया या दोन वेगळ्या प्रजातींचा संकर, म्हणून ग्रॅप्टोव्हेरिया. नीट लिहायचं तर नावाआधी × ही खूण येते.

रंगावरून ओळखायला जाऊ नका. जानेवारीत कडक उन्हातली कुंडी तांबूस-गुलाबी झाली होती. तिचंच पिल्लू जिन्याखाली हिरवट-करडं आणि लांबुडकं झालं.

खात्री पटली ती फुलांनी. एचेव्हेरियाच्या पाकळ्या जवळजवळ मिटलेल्या असतात. ग्रॅप्टोपेटालमचं फूल चांदणीसारखं सपाट उघडतं आणि पाकळ्यांवर लाल ठिपके असतात. आमच्याकडे पानांच्या बगलेतून दांडा आला, त्यावर फिकट पिवळी, अर्धवट उघडलेली फुलं आणि आत तांबडे ठिपके. दोन्हीकडचं घेतलेलं! पसरट टोकदार पानं, मोठा घेर आणि उंच होत जाणारं खोड पाहता हे ‘फ्रेड आइव्हज’ या ग्रॅप्टोव्हेरियाच्या वाणाशी जुळतं. त्याचे आईबाप ग्रॅप्टोपेटालम पॅराग्वायेन्स आणि एचेव्हेरिया गिबिफ्लोरा. (पहिल्याच्या नावात पॅराग्वे असला तरी ते मूळचं मेक्सिकोचं.) तरी वहीत मी ‘फ्रेड आइव्हजसारखं’ असंच लिहिलंय. दिसायला जवळचे संकर बरेच आहेत आणि वाणाचं नाव मूळ रोपाच्या पानांपासून किंवा पिल्लांपासून वाढवलेल्या रोपांनाच शोभतं.

तासगावचे मामा द्राक्षबागायतदार. कुंडी बघताच म्हणाले, “पिठ्या ढेकूण लागलाय, फवारा घे.” पानांवरची ती पांढरी भुकटी म्हणजे झाडाचंच मेण, उन्हापासून राखणारं. ती सगळीकडे सारखी पसरलेली असते आणि बोट लागलं की त्या पानावर ठसा कायमचा राहतो. पिठ्या ढेकणाचे कापसासारखे पुंजके बेचक्यात बसतात, हाताला चिकट लागतात. मे महिन्यात तोही आला. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, पण त्या पानांची झळाळी गेली ती गेलीच.

माती मात्र नदीकाठची काळी नको, पाणी धरून ठेवते. मी मुरूम, जाड वाळू आणि विटांचा चुरा घालते, शेणखत अगदी मूठभर. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली, नाहीतर खालची पानं बुळबुळीत होऊन गळतात.

पिल्लं भरपूर येतात. गळलेल्या धडक्या पानालाही रोप फुटतं, पण पानफुटीसारखं कडेला नव्हे, देठाशी. त्यामुळे पान तोडताना देठाकडचा भाग अखंड सुटायला हवा. अर्धं तुटलेलं पान नुसतं वाळून जातं. निदान चार तास थेट ऊन नसलेल्या फ्लॅटमध्ये मात्र हे घेऊ नका.