वापरलेली पोर्शे केमन जीटी४ : सात महिने आणि नऊ ट्रॅक-दिवसांनंतर

मागच्या मार्चच्या अखेरीस मी २०१५ सालची, ३८,४०० किलोमीटर धावलेली पोर्शे केमन जीटी४ एका खासगी मालकाकडून विकत घेतली. जर्मनीत एप्रिल ते ऑक्टोबर अशी हंगामी नंबरप्लेट मिळते, तशीच मी घेतली असल्यामुळे माझा पहिला हंगाम आता पूर्ण झाला आहे. या सात महिन्यांत गाडी ६,९०० किलोमीटर धावली आणि नऊ दिवस ट्रॅकवर, म्हणजे मोटारशर्यतीच्या मार्गावर, होती. घ्यावी की नाही या विचारात मी त्याआधी जवळजवळ आठ महिने घालवले होते. त्या काळात जे मला कोणी सांगायला हवे होते, ते येथे लिहीत आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा असून नऊ वर्षांपासून बॉनला नोकरी करतो. नुर्बुर्गरिंग हा मोटारशर्यतींचा ट्रॅक येथून तासाभराच्या अंतरावर आहे. १९२७ साली खुला झालेला त्याचा नॉर्डश्लाइफं हा २०.८ किलोमीटरचा मार्ग ठरावीक दिवशी फेरीगणिक शुल्क घेऊन सर्वांसाठी खुला असतो, त्यामुळे आधीची चार वर्षे मी माझ्या साध्या छोट्या गाडीने तेथे जात होतो. ही सवय आधीपासून नसती, तर जीटी४चा विचार करणे मी स्वतःच चूक मानले असते.

या गाडीत पोर्शेच्याच ९११ करेरा एसचे ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेले आहे. ते ३८५ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) शक्ती देते, गिअर सहा आणि केवळ हाताने टाकायचे, वजन १,३४० किलो. पुढच्या सस्पेन्शनचे बरेचसे भाग ९११ जीटी३चे आहेत. नवी असताना जर्मनीत तिची मूळ किंमत ८५,७७९ युरो होती आणि मी दहा वर्षांनी जवळपास तेवढेच पैसे मोजले. किंमत टिकून आहे याचा आनंद विकणाऱ्याला होतो. घेणाऱ्याने मात्र हे ध्यानात ठेवावे की एवढ्या पैशांत आपण एक जुनी गाडी आणि तिच्यावर आजवर कोणी काय केले तो सगळा इतिहास विकत घेत असतो.

इतिहासाचा हा मुद्दा मला उशिरा समजला. सुरुवातीचे पाच महिने मी ‘ट्रॅकवर कधीही न नेलेली’ गाडी शोधत होतो आणि तसे लिहिलेल्या गाडीसाठी चार-पाच हजार युरो जास्त द्यायलाही तयार होतो. अशी एक गाडी मी जाऊन पाहिली. केवळ १९,००० किलोमीटर, रंग आरशासारखा, गॅरेजमध्ये गालिच्यावर उभी. परंतु टायरवरच्या चार आकडी खुणेवरून ते २०१५ सालचेच असल्याचे दिसत होते, ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले त्याची कोठेही नोंद नव्हती, आणि कारखान्यातून लाल रंगात येणारे पुढचे ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) उष्णतेने काळपट पडले होते. साध्या रस्त्यावर, तेही इतक्या कमी वापरात, कॅलिपर असे काळवंडत नाहीत. इंजिनाच्या संगणकातील नोंदींचा अहवाल काढून देण्यास मालकाने नकार दिला आणि मी परत आलो.

मी घेतलेल्या गाडीच्या मालकाने पहिल्याच फोनवर सांगितले की ती पंचवीसएक दिवस ट्रॅकवर धावली आहे. त्याच्याकडे एक जाड फाइल होती. प्रत्येक ट्रॅक-दिवसाची तारीख, त्यानंतर बदललेले ब्रेक पॅड, दर वर्षी बदललेले ब्रेक ऑइल, नेमून दिलेल्या मुदतीआधीच बदललेले इंजिन ऑइल, चाकांच्या कोनांची मोजमापे, सारे काही बिलांसह लावलेले होते. ट्रॅकसाठीच बनवलेली गाडी ट्रॅकवर नेल्याने बिघडत नाही. तापलेली गाडी नीट थंड न करता बंद केल्याने, जुन्या ऑइलवर पळवल्याने आणि झिजलेले भाग तसेच ठेवल्याने ती बिघडते. हे सर्व लपवणाऱ्या मालकापेक्षा वापर मान्य करून त्याचा हिशेब ठेवणारा मालक मला अधिक विश्वासार्ह वाटला आणि आजही वाटतो.

वर ज्या अहवालाचा उल्लेख केला, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण हाताने गिअर टाकण्याच्या पोर्शे गाडीत त्याच्याइतका मोलाचा कागद दुसरा नाही. इंजिनाचा आरपीएम (दर मिनिटाचे फेरे) मर्यादेपलीकडे गेला की नियंत्रक संगणक त्याची नोंद सहा टप्प्यांत करतो. प्रत्येक टप्प्यात ठिणग्यांची संख्या असते आणि शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली तेही असते. वेग वाढवताना इंजिन मर्यादेला टेकले तर संगणक इंधन तोडून त्याला रोखतो, म्हणून खालच्या टप्प्यांतील नोंदी कोणत्याही जोमाने चालवलेल्या गाडीत आढळतात आणि त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. वेग कमी करताना चौथा गिअर टाकायच्या जागी चुकून दुसरा पडला, तर मात्र चाकेच इंजिनाला ओढून फिरवतात आणि ते रोखणे कोणत्याही संगणकाच्या हातात नसते. वरच्या टप्प्यांतील नोंदी अशा चुकीतूनच येतात. त्या वेळी व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा आणि कनेक्टिंग रॉड यांवर जो ताण पडतो, त्याचा परिणाम कधी लगेच, तर कधी बऱ्याच काळाने दिसतो. माझ्या गाडीत वरचे तीन टप्पे पूर्ण कोरे होते. शिवाय त्याच अहवालात इंजिन एकूण ७४२ तास चालल्याचे दिसत होते. ३८,४०० किलोमीटरला ७४२ ने भागले की ताशी सरासरी ५२ किलोमीटर येते आणि ते वाजवी आहे. किलोमीटरचा काटा मागे फिरवला असता तर हा हिशेब जुळला नसता.

बाकीची तपासणी मी एका स्वतंत्र गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून करून घेतली. ब्रेक डिस्कच्या छिद्रांभोवती केसासारख्या बारीक चिरा आहेत का, डिस्कची जाडी किती उरली आहे, पुढच्या जाळीमागे रेडिएटरला लागून खडी आणि पाला साचला आहे का, रंगाची जाडी सर्व पत्र्यांवर सारखी भरते का, एवढे पाहण्यास दोन तास पुरले. सिरॅमिक ब्रेक असलेली गाडी मी मुद्दाम टाळली. ते वजनाने हलके असतात आणि रस्त्यावर फार काळ टिकतात, पण ट्रॅकवर झिजले तर बदलण्याचा खर्च माझ्यासारख्या नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचा आहे. खासगी विक्रीत मालक दोषांची जबाबदारी करारात नाकारू शकतो, तर व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतल्यास निदान वर्षभराची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर राहते, हा फरकही मनात धरावा. मी फाइल पाहून खासगी मालक पसंत केला.

आता चालवण्याविषयी. या गाडीचे पुढचे टोक वळणात ज्या अचूकतेने शिरते, ती अचूकता मी आजवर दुसऱ्या कोणत्याही गाडीत अनुभवलेली नाही. नॉर्डश्लाइफंवर फुक्सर्‌योरंच्या उतारावरून गाडी खाली कोसळल्यासारखी जाते आणि तळाशी सस्पेन्शन पूर्ण दाबले जाते. तेथे माझी जुनी गाडी अंग टाकून डोलायची, ही एकदा दबते आणि स्थिर होते. कारुसेल या वळणातील काँक्रीटच्या सांध्यांचा प्रत्येक धक्का स्टीअरिंगमधून हाताला कळतो. गिअरचे अंतर लांब आहे, हे खरे आहे. दुसरा गिअर ताशी १३०च्या पुढे जातो. जर्मनीत गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर मर्यादा ताशी १००ची असल्यामुळे रस्त्यावर दुसरा गिअर संपण्यापूर्वीच कायदा संपतो. म्हणून केवळ रविवारच्या फेरफटक्यासाठी ही गाडी घेऊ पाहणाऱ्यास मी प्रामाणिकपणे सांगेन की तिचा चांगला भाग त्याला फारसा भेटणार नाही.

एका चुकीची नोंद मला केली पाहिजे. ब्रेक ऑइल मागच्या शरद ऋतूत बदललेले आहे, हे फाइलमध्ये वाचून मी पहिले दोन ट्रॅक-दिवस तसेच केले. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. दुसऱ्या दिवशी चौथ्या फेरीत आरेम्बर्गच्या वळणापूर्वी ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा पुष्कळ खोल गेले. मी दोनदा पेडल दाबून दाब परत आणला आणि उरलेली फेरी उजव्या कडेने, हळू पूर्ण केली. त्या दिवशी घरी परततानाच मी ठरवले की हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर असे दोनदा ब्रेक ऑइल बदलायचे, मग फाइलमध्ये काहीही लिहिलेले असो.

खर्चाचा हिशेब असा. टायरचा एक पूर्ण संच आणि पुढची एक जास्तीची जोडी मिळून २,३०० युरो, ब्रेक पॅड १,३५० युरो, ऑइल ६०० युरो आणि चाकांचे कोन बसवून घेण्याचे ४५० युरो. एकूण ४,७०० युरो, म्हणजे प्रत्येक ट्रॅक-दिवसामागे सुमारे ५२० युरो, आणि यात प्रवेशशुल्क व पेट्रोल धरलेले नाही. पुढच्या डिस्क पुढील वर्षी बदलाव्या लागतील. पुढचे टायर सुरुवातीला बाहेरच्या कडेनेच संपत होते; सस्पेन्शनच्या खालच्या आर्ममध्ये शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घालून चाके आतल्या बाजूला अधिक कलती केल्यावर झीज सारखी होऊ लागली. ते ४५० युरो मी पहिल्या आठवड्यातच खर्चायला हवे होते.

विम्याचे कलम मात्र सही करण्यापूर्वी वाचावे. अनेक विम्यांत ट्रॅकवरचे स्वतःच्या गाडीचे नुकसान वगळलेले असते, आणि गाडी लोखंडी कठड्यावर आदळली तर कठड्याची दुरुस्ती व गाडी उचलून नेण्याचा खर्च यांची बिलेही येतात. मी ट्रॅक-दिवसांसाठी वेगळा, दिवसागणिक विमा घेतो. तो महाग आहे. परंतु तो न घेता जाणे म्हणजे इतक्या वर्षांची बचत एका वळणावर लावणे होय, आणि तशा मनःस्थितीत माणूस नीट चालवूही शकत नाही. आपली गाडी सर्वस्वी गमावली तरी घर अडचणीत येणार नाही ना, हा प्रश्न मी पत्नीबरोबर बसून कागदावर सोडवला. तेव्हा कोठे मालकाला होकार कळवला.

शेवटपर्यंत माझ्या मनात दुसरी गाडी होती ती लोटस एक्सिज, टोयोटाच्या व्ही६ इंजिनाची. ती केमनपेक्षा सुमारे दीडशे किलो हलकी असल्यामुळे टायर व ब्रेक कमी खाते, आणि निव्वळ ट्रॅकच्या हिशेबाने कदाचित तीच योग्य होती. मी केमन निवडली, कारण बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ या ट्रॅकला जाऊन दिवसभर चालवून त्याच संध्याकाळी पाठीला त्रास न होता घरी परतणे मला शक्य हवे होते, आणि पुढे-मागे दोन्हीकडे सामान ठेवायला जागा हवी होती.

कोल्हापूरच्या मित्रांनी ही गाडी पुढे भारतात आणशील का, असे विचारले आहे. ते शक्य नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही आणि स्टीअरिंग उजवीकडे असावे लागते. माझी गाडी या दोन्ही अटींत बसत नाही. ती येथेच राहील, आणि कधीतरी येथेच दुसऱ्या कोणाला तरी विकली जाईल.

मागच्या आठवड्यात हंगाम संपल्यावर मी इंजिनाच्या नोंदींचा अहवाल पुन्हा काढून घेतला. पहिल्या टप्प्यात थोडी भर पडली आहे, वरचे तीन अजूनही कोरे आहेत. तो कागद, नऊ दिवसांच्या तारखा आणि सर्व बिले मी आधीच्या मालकाच्याच फाइलमध्ये, त्याच्या शेवटच्या पानानंतर लावली आहेत.