२३० व्होल्टची खोटी पट्टी: जुनं रॅक इफेक्ट घेण्याआधी हे वाचा

यामाहाची एसपीएक्स९०, म्हणजे रॅकमध्ये बसवायची, आवाजावर रिव्हर्ब, डिले असे इफेक्ट चढवणारी पेटी. जाहिरात एका ओळीची: "जपान पीस, पूर्ण चालू, २३० व्होल्ट, फिक्स रेट." सोबत पाऊण मिनिटाचा व्हिडिओ. पॉवरचं बटण दाबलं, डिस्प्ले उजळला, गिटारची तार छेडली आणि मागे लांबलचक हॉल रिव्हर्ब घुमला. घेणाऱ्याने २४,००० रुपये पाठवले. पेटी घरी आली, भिंतीतल्या सॉकेटला लागली, डिस्प्ले क्षणभर नेहमीपेक्षा जास्त उजळला, ट्रान्सफॉर्मर जोरात घुमायला लागला आणि मिनिटभरात व्हार्निश जळल्याचा वास आला. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं: "व्हिडिओत चालू दाखवली होती. तुमच्याकडे जळली."

मागच्या बाजूला, वायर आत शिरते तिथे, लेबल प्रिंटरने छापलेली पांढरी पट्टी चिकटवलेली होती: एसी २३० व्होल्ट. नखाने कोपरा उचलला की खाली कारखान्याचा मूळ छाप दिसतो: १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, म्हणजे जपानच्या लाइनसाठी. आतला फ्यूजही छापलेल्या रेटिंगचा नव्हता. त्या जागी कितीतरी जड फ्यूज बसवलेला होता. तो मूळचा असता तर सॉकेटला लावताक्षणी उडाला असता आणि ट्रान्सफॉर्मर वाचला असता. व्हिडिओ काढताना टेबलाखाली स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, होता, हे उघड आहे.

व्हिडिओतली दुसरी लबाडी जास्त शिकण्यासारखी आहे. एसपीएक्स९०च्या दर्शनी पट्टीवर इनपुट लेव्हल दाखवणाऱ्या एलईडींची रांग असते. तार छेडली तरी त्या रांगेतला एकही दिवा हलला नाही. म्हणजे सिग्नल पेटीत गेलाच नव्हता. ऐकू आलेला रिव्हर्ब अँपचा स्वतःचा असेल किंवा कॉम्प्युटरवर नंतर चढवलेला असेल, पेटीचा नक्कीच नव्हता. पैसे पाठवण्याआधी तो व्हिडिओ दोनदा नीट पाहिला असता, तर एवढ्यावरच व्यवहार थांबला असता.

जपानच्या लिलावांत अशा पेट्या "जंक" या शिक्क्याखाली विकल्या जातात. त्याचा अर्थ भंगारच असं नाही. चालेल याची हमी नाही आणि माल परत घेणार नाही, एवढाच अर्थ. वर्णनात बहुतेक वेळा एक ओळ असते: फक्त वीज लागते, एवढंच तपासलं आहे. तिथला विकणारा हे प्रामाणिकपणे लिहितो. इकडे आणून विकणारा त्याच ओळीचं "पूर्ण चालू" करतो, आणि फसवणूक तिथे सुरू होते. या मशीनमध्ये डिस्प्लेचा, आवाजाच्या आत-बाहेर जाण्याचा आणि इफेक्ट घडवणाऱ्या डीएसपी चिपचा असे तीन वेगळे भाग असतात. डीएसपी मेलेला असला तरी दिवे लागतात, प्रोग्रॅमची नावं बदलतात, कोरडा, म्हणजे इफेक्ट न चढलेला, सिग्नलही पुढे जातो. बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

व्होल्टेजची खात्री पट्टी वाचून होत नाही, मल्टीमीटरने होते. पेटी समोर असेल तर प्लग हातात घ्या, सॉकेटला लावू नका. पॉवर बटण दाबलेल्या स्थितीत ठेवा आणि प्लगच्या दोन वीजवाहक पिनांमधला रोध मोजा. या आकाराच्या साध्या ट्रान्सफॉर्मरचं २३० व्होल्टचं प्रायमरी (लाइनकडचं) वाइंडिंग साधारण शंभर ओहमच्या पुढे दाखवतं, १०० व्होल्टचं वीस-चाळीसच्या आसपास. कारण सरळ आहे: वेढे २.३ पट आणि तार त्याच प्रमाणात बारीक, म्हणून रोध जवळपास पाचपट. मीटर काहीच दाखवत नसेल तर फ्यूज उडालाय, किंवा वाइंडिंगच्या कागदाखाली दडलेला, जास्त तापल्यावर उडणारा थर्मल फ्यूज गेलाय, किंवा वाइंडिंगच तुटलंय. काही जण गेलेला थर्मल फ्यूज तारेने जोडून मोकळे होतात. कागद कापून पुन्हा टेप गुंडाळलेला दिसला तर ती पेटी घेऊच नका.

१०० व्होल्टची पेटी घेणं चूक नाही, स्टेप-डाऊन मात्र १०० चाच हवा. दुकानात सहज मिळतो तो बहुधा ११० चा. आपल्याकडे लाइन २४५ पर्यंत चढली की तो ११७ च्या घरात देतो. पेटी बंद पडत नाही, पण आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर हात लावता येणार नाही इतका तापतो आणि शेजारचे कपॅसिटर सुकवतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी करून वाइंडिंगवाल्याकडून २३० ते १००, किमान ५० व्हीए, दोन्ही वाइंडिंग वेगळी असलेला ट्रान्सफॉर्मर करून घ्या. एकच सामाईक वाइंडिंग असलेला ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको.

पहिल्यांदा वीज देताना फेज वायरमध्ये ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर पुढे जा. पूर्ण उजळलेलाच राहिला तर बंद करा. आत शॉर्ट आहे, नाहीतर व्होल्टेज चुकीचं आहे. ही पंधरा मिनिटांची जोडणी वरच्या पेटीलाही वाचवू शकली असती.

वीज लागली की ५ व्होल्टची लाइन मोजा: ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. मग मीटर एसीवर करून तीच लाइन पुन्हा बघा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. पन्नासच्या वर गेले तर फिल्टर कपॅसिटर, आपले दुरुस्तीवाले ज्यांना कंडेन्सर म्हणतात, ते संपलेत. स्पीकरमध्ये हे १०० हर्ट्झच्या गुणगुणीने कळतं. ती ५० हर्ट्झच्या अर्थिंगच्या हमपेक्षा एक सप्तक वर आणि खरखरीत असते. कंडेन्सर बदलणं स्वस्त काम आहे, त्यासाठी व्यवहार मोडू नका, भाव कमी करा.

खरा कस डीएसपी आणि मेमरीचा. एसपीएक्स९०मध्ये १ ते ३० हे कारखान्याचे प्रोग्रॅम पक्क्या मेमरीत असतात, ३१ ते ९० तुमचे, आणि ते बॅटरीवर जगतात. पहिला प्रोग्रॅम हॉल रिव्हर्ब. तो लावून मिक्स पूर्ण इफेक्टकडे न्या, म्हणजे कोरडा सिग्नल नाहीसा होईल. एकच स्वर छेडून तार हाताने दाबून थांबवा आणि रिव्हर्बची शेपटी विझेपर्यंत ऐका. शेपटीच्या शेवटी वाळू चाळल्यासारखी खरखर आली तर मेमरी चिपचा खालचा बिट अडकलाय. वरचा बिट अडकला तर कान फाटेल असा आवाज येतो, तो कोणालाही कळतो. वाळूचा आवाज मोबाइलवरच्या व्हिडिओत बुडून जातो, म्हणून विकणाऱ्याला हाच दोष लपवायला सोपा पडतो. यानंतर १५ वा प्रोग्रॅम, कोरससारखा सिम्फॉनिक, लावून डावं-उजवं दोन्ही आउटपुट वेगवेगळं ऐका. एक बाजू मेलेली असेल तर मोनो अँपवर ती कधीच लक्षात येत नाही.

बॅटरी नाण्यासारखी ३ व्होल्टची लिथियम, बोर्डाला डाग देऊन बसवलेली. ती बदलली असेल तर डाग स्वच्छ आहेत का बघा. होल्डर गरम गोंदाने चिकटवून दोन तारांवर लोंबकळत असेल, तर आत आधी कोणाचा हात फिरलाय ते कळतं. स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर तीही हेच सांगतात.

अलेसिसच्या मिडीव्हर्ब आणि क्वाड्राव्हर्ब या पेट्यांमध्ये फसवणूक वेगळी असते. यांना बाहेरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण एसी आउटपुटचा. विकणारा पेडलचा डीसी अडॅप्टर हातात देतो, किंवा "कुठेही मिळेल" म्हणतो. डीसी दिला की डिस्प्ले लागतो, पण आत उणे व्होल्टेज तयारच होत नाही, त्यामुळे आवाजाचा सिग्नल हाताळणाऱ्या ऑप-अँप चिप अर्धवट चालतात आणि आवाज फाटका येतो किंवा येतच नाही. मग "तुमचा अडॅप्टर खराब" हे उत्तर तयार असतं. अडॅप्टरवर आउटपुटच्या पुढे एसी लिहिलेलं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मूळ प्रश्न: घ्यावं का? एसपीएक्स९० सुमारे १९८५ ची, १६ बिट, ३१.२५ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगची, आवाज १२ किलोहर्ट्झपर्यंतच. गिटारला हा तोटा नाही, कारण १२ इंची गिटार स्पीकर साधारण ५-६ किलोहर्ट्झनंतर स्वतःच झपाट्याने उतरतो. तिचा सिम्फॉनिक आणि काही सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) सरकवलेला पिच चेंज आजही सुंदर आहे, त्यासाठी ती घरी किंवा स्टुडिओत ठेवावी असं आम्हाला मनापासून वाटतं. रिव्हर्बसाठी नाही. आणि दर आठवड्याला गाडीत घालून कार्यक्रमाला न्यायची असेल तर मुळीच नाही. तिचा डीएसपी यामाहाने स्वतः घडवलेला आहे, बाजारात सुटा मिळत नाही. गेला तर दुसरी मेलेली पेटी शोधून त्यातून काढायचा, हाच मार्ग. ज्यांना ऐंशीच्या दशकातला डिलेचा आवाज मंचावर हवाय, त्यांच्यासाठी कोर्गने २०१४ मध्ये आपल्या जुन्या एसडीडी-३००० डिलेचं आणि बॉसने २०२३ मध्ये रोलंडच्या एसडीई-३००० डिलेचं पेडल काढलं. तो रस्ता जास्त भरवशाचा आहे. जुन्या पेटीसाठी आमचा हिशेब असा: मागितलेल्या भावात दुरुस्ती आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च मिळवा, आणि ती बेरीज पेटी उद्या मेली तरी सोसेल इतकीच असली तर घ्या.

पैसे आगाऊ मागितले तर टोकनसुद्धा देऊ नका. पैसे "मिळण्यासाठी" क्यूआर स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं, तर तो चोरच आहे. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. पार्सल उघडताना सील न तोडलेल्या अवस्थेपासून सलग व्हिडिओ काढा.

आणि विकणाऱ्याला हा मेसेज जसाच्या तसा पाठवा: "आजची तारीख लिहिलेला कागद पेटीवर ठेवून न कापलेला एक व्हिडिओ द्या. त्यात मागची व्होल्टेजची पट्टी आणि सीरियल नंबर जवळून दिसू दे, प्लग कशात लावलाय ते दिसू दे. अँपचा रिव्हर्ब शून्यावर. प्रोग्रॅम १, मिक्स पूर्ण, एक स्वर, शेपटी संपेपर्यंत. इनपुटचे दिवे फ्रेममध्ये हवेत. मग बायपास. मग १५, दोन्ही आउटपुट एकेक करून."