सोळा इंचांचा हिशेब: आखूड हौद्याच्या पिकअपनं फिफ्थ-व्हील ओढल्याचे चौदा महिने

मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही फोर्डचा एफ-३५० पिकअप घेतला आणि तीनच आठवड्यांनी ३२ फुटी फिफ्थ-व्हील ट्रेलर. राहायला डॅलसच्या उत्तरेला. आत्तापर्यंत ट्रेलर मागे लावून ११ हजार मैल झाले, ट्रेलरमध्ये ६२ रात्री काढल्या, आणि ट्रकची मागची काच एकदा फोडून झाली. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

ज्यांना फिफ्थ-व्हील म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी: न्हावा-शेव्याहून कंटेनर ओढणारे लांबलचक ट्रेलर पाहिलेत ना, त्यांची जोडणी पुढच्या इंजिनाच्या पाठीवर बसते. तसंच हे, फक्त घरगुती: आत राहायची सोय असलेलं चाकांवरचं घर. ट्रेलरच्या पुढच्या उंच भागाखाली दोन इंच जाडीची किंगपिन, म्हणजे लोखंडी खुंटी, असते. पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचच्या, म्हणजे जोडणीच्या सांगाड्याच्या, जबड्यात ती अडकते. नाव घोडागाडीच्या काळातलं. पुढचा आस वळावा म्हणून त्यावर आडवं कडं बसवत, ते पाचवं चाक.

चार दारांच्या मोठ्या केबिनचा हा ट्रक दोन हौद्यांत मिळतो, पावणेसात फुटी आणि आठ फुटी. पहिल्याची एकूण लांबी २५० इंच, दुसऱ्याची २६६. फरक सोळा इंचांचा, हाताच्या दोन वितींचा. विक्रेत्यानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं की हल्लीचे सगळे फिफ्थ-व्हील आखूड हौद्याला चालतात, पुढचे कोपरे गोल केलेले असतात. मला तेच ऐकायचं होतं. माझी दोन कारणं ठरलेली होती: ऑफिसच्या पार्किंग गॅरेजमध्ये लांब ट्रक वळणार नाही, आणि घरच्या गॅरेजमध्ये तो मावणार नाही.

पहिल्याच सोमवारी ऑफिसच्या गॅरेजसमोर गेलो. वर पिवळी दांडी लटकलेली, ६ फूट ८ इंच. माझा फोर-बाय-फोर ट्रक त्याहून इंच-दीड इंच उंच. मागे गाड्यांची रांग, सगळ्यांना मागे घ्यायला लावून बाहेर पडलो. तेव्हापासून उघड्या मैदानात लावतो, तिथे लांबीला विचारतो कोण. घरचं गॅरेज टेप लावून मोजलं तर आत वीस फूट. आखूड ट्रकच वीस फूट दहा इंच! म्हणजे ज्या दोन कारणांसाठी आखूड हौदा घेतला, ती दोन्ही अंदाजपंचे ठरवलेली होती. बायको एवढंच म्हणाली, "टेप घरातच होता."

एक गोष्ट मात्र बरोबर केली, तीही माझ्या अकलेनं नाही. ट्रक घेण्याआधी डीलरच्या आवारातून बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता. इकडे शनिवारची सकाळ, तिकडे सिन्नरला रात्रीचे साडेआठ. उमेदीत त्यांनी बैलगाडी हाकलेली. मी हौसेनं सांगितलं, "अकरा हजार पौंडांचा ट्रेलर ओढेल बाबा, म्हणजे जवळजवळ पाच टन."

"ओढंल रे," ते म्हणाले. "जुवावर किती येणार?"

मला उत्तर देता येईना. प्रश्न लाखमोलाचा होता. गाडीत माल पुढे जास्त भरला तर बैलांची मान दबते, मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होऊन जू वर उचलतं. फिफ्थ-व्हीलचंही तेच. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग पिनेवरून थेट ट्रकच्या पाठीवर येतो. ओढायची ताकद जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. पाठीवर किती पेलेल ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर असतं, आणि त्यात माणसांचंही वजन धरायचं असतं. मी ज्या डिझेल एफ-२५० वर बोट ठेवलं होतं त्याच्या स्टिकरवर २,२०० पौंडांच्या आसपास आकडा होता. शेजारच्या एफ-३५० वर, तितक्याच लांबीच्या, मागे दोनच चाकांच्या, ३,६८४. तोच घेतला.

पहिल्या सहलीला निघताना हायवेवरच्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केलवर वजन केलं. मोठमोठे ट्रक जिथे तोलतात तोच काटा. तीन पट्ट्या असतात: पुढची चाकं एकीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. आधी जोडून तोलायचं, मग सोडून. भरलेला ट्रेलर १०,७४० पौंड निघाला आणि त्यातले २,१४० पिनेवर. त्यात चौघांचे ५१० आणि हिचचे धरा. तो एफ-२५० घेतला असता तर घरातून निघतानाच बैल गुडघ्यावर बसले असते. म्हणून हौद्याची लांबी हा दुसरा प्रश्न, पहिला स्टिकर. हौदा आठ फुटी असला म्हणून पाठ मजबूत होत नाही.

आता त्या सोळा इंचांकडे. माझ्या ट्रकवर हिचच्या मध्यापासून केबिनच्या पाठीपर्यंत टेप ४० इंच दाखवतो. आठ फुटी हौद्यात हेच अंतर ५६. ट्रेलर आठ फूट रुंद, म्हणजे पिनेपासून त्याची कड दोन्ही बाजूंना ४८ इंचांवर. ट्रक आणि ट्रेलर काटकोनात आले की ती कड केबिनच्या पाठीला समांतर येते. ४० इंचांत ४८ कसे बसणार? ५६ मध्ये आरामात बसतात, साडेआठ फुटी रुंद ट्रेलर असला तरी बसतात. गोल कोपऱ्यांचा फायदा होतो, नाही असं नाही. पुढे वळताना मला कधीच अडचण आली नाही, कारण रस्त्यावर एवढा कोन होतच नाही. पण रिव्हर्स घेताना जागा अरुंद असली की कोन बघता बघता वाढतो, आणि नजर तेव्हा नेमकी मागे असते.

मग हिच कायमचीच मागे का बसवत नाहीत? परत बैलगाडी. पिनेचा भार मागच्या ॲक्सलच्या मागे गेला की ट्रकची पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी उलाळ होते. ७० मैलांच्या वेगानं जाताना हलकं स्टिअरिंग कुणालाच नको असतं. म्हणून हिच ॲक्सलच्या बरोबर वर किंवा जरा पुढेच हवी. आखूड हौद्यावर तोडगा म्हणजे सरकती हिच: चालताना पुढे, अरुंद जागेत वळवण्याआधी दहा-बारा इंच मागे. माझ्याकडे हाताची होती. ट्रेलरच्या चाकांना अडण्या लावायच्या, खाली उतरून लिव्हर ओढायचा, ट्रक हळूच पुढे घ्यायचा, खट्ट आवाज आला की झालं. काम दोन मिनिटांचं. फक्त आठवलं पाहिजे.

जूनमध्ये इंक्स लेक स्टेट पार्कला गेलो होतो. शुक्रवारची संध्याकाळ, ट्रॅफिकमध्ये पिचून पोचलो, उजेड जात चाललेला, मुलांना भूक लागलेली. आमच्या जागेत रिव्हर्सनंच शिरायचं होतं, तेही उजवीकडून, म्हणजे ड्रायव्हरला न दिसणाऱ्या बाजूनं. बायको आणि मुलं मागे ओकच्या झाडापाशी उभी, वॉकी-टॉकीवर सूचना चालू. "अजून ये, अजून ये, झाड चार फुटांवर आहे, ये." मी आरशात झाड बघतोय, कॅमेऱ्यात झाड बघतोय. लिव्हर ओढायचा राहिला होता. आधी डोक्याच्या मागे कुरकुर झाली, जुन्या कपाटाचं दार ढकलल्यासारखी. मग एकदम भस्सकन वाळू ओतल्यासारखा आवाज. मागची अख्खी काच दाणेदार होऊन मागच्या सीटवर. चिवड्याचा डबा तिथे उघडा होता, तो तसाच टाकून दिला.

मुलं बाहेर होती हे नशीब. झाडाला ओरखडासुद्धा नाही.

केबिनच्या वरच्या कडेलाही पोचा आला होता. रविवारी काळी कचऱ्याची पिशवी डक्ट-टेपनं लावून दोनशे मैल आलो, ती पिशवी सगळा रस्ताभर शिडासारखी फडफडत होती. विम्याचे पहिले हजार डॉलर माझ्या खिशातून. घरी येऊन दोन काडेपेट्या आणि एक टाचणी घेऊन डायनिंग टेबलावर वळण करून पाहिलं. वरातीमागून घोडं. पण पैसे देण्याआधी कुणीही हा प्रयोग करावा, दहा मिनिटांत सगळं कळतं.

ऑगस्टमध्ये ती हिच विकून आपोआप सरकणारी बसवली. हिची करामत अशी: किंगपिनला एक पाती बसवतात, त्यामुळे पिन जबड्यात फिरत नाही. ट्रेलर वळला की हिचचं डोकंच त्याच्याबरोबर वळतं, खालचा कॅम (हिचला ढकलणारा फिरता भाग) फिरतो आणि अख्खी हिच रुळांवरून मागे जाते. सरळ झालं की परत पुढे. लिव्हर नाही, उतरणं नाही, आठवणं नाही. नऊ महिन्यांत केबिन आणि ट्रेलर यांच्यात हात मावणार नाही अशी वेळ एकदाही आली नाही.

पण ती फुकटात मिळत नाही. हौद्यात बसवेपर्यंत अडीच हजार डॉलरच्या वर गेले. हिचचं वजन तीनशे पौंडांच्या घरात, तेही त्या स्टिकरमधून वजा. काढून ठेवायची तर दोन माणसं आणि एक चेन-ब्लॉक लागतो, म्हणून ती हौद्यातच पडून असते आणि दुकानातून प्लायवूड आणायचं म्हटलं की माझा पिकअप पिकअप राहत नाही. जोडताना ट्रक आणि ट्रेलर जवळजवळ सरळ रेषेत लागतात, तिरपं जोडायला गेलं की ती पाती बसत नाही. आणि रुळांना ग्रीस वेळेवर पाहिजे, नाहीतर वळणावर अशी करकरते की शेजारचे तंबूवाले बाहेर येऊन बघतात. आठ फुटी हौद्यात साधी, न सरकणारी हिच बसते. निम्म्याहून कमी पैशांत.

लांब हौद्याचा आणखी एक फायदा मला कुणी सांगितलाच नव्हता: डिझेलची टाकी. माझ्या ट्रकला ३४ गॅलनची, लांब ट्रकला ४८ ची. ट्रेलर ओढताना मला गॅलनला साडेनऊ मैल मिळतात, समोरून वारा असला की आठ. पश्चिम टेक्ससमध्ये वारा असतोच. तिकडे काटा अर्ध्याखाली गेला की मी पुढचा पंप शोधायला लागतो. त्यातही जवळजवळ पन्नास फुटी लांबण घेऊन आत जाऊन बाहेर पडता येईल असाच पंप हवा. चौदा गॅलन म्हणजे सव्वाशे मैलांची निश्चिंती.

आखूड हौद्याची बाजूही सांगतो. रविवारी सकाळी इंडियन ग्रोसरीच्या लॉटमध्ये, जिथे प्रत्येकाला दारासमोरचीच जागा हवी असते, तिथे मी एका दमात आत घालतो. लांबवाल्या मित्राला दोनदा मागेपुढे करावं लागतं आणि तरी त्याचं तोंड चार फूट बाहेर. यू-टर्न सोपे पडतात. रोज ऑफिसला तोच ट्रक न्यायचा असेल, वर्षातून पाच-सहाच सहली असतील, आणि आपोआप सरकणाऱ्या हिचचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढायची तयारी असेल, तर आखूड घ्या. हाताच्या लिव्हरवाली घेऊन "मी नाही विसरणार" म्हणणाऱ्यांनी माझी काच आठवावी. आणि साडेपाच फुटी हौद्याच्या हलक्या पिकअपला मोठं फिफ्थ-व्हील लावायचा विचार असेल तर आधी स्टिकर बघा, बहुतेक वेळा हौद्यापर्यंत यायची गरजच पडणार नाही.

मी स्वतः? आमच्या ६२ रात्री झाल्यात आणि पुढच्या वर्षी त्याहून जास्त होतील. पुन्हा घ्यायची वेळ आली तर आठ फुटी. हा विकायला मात्र काढलेला नाही, त्यात भरपूर पैसे ओतून झालेत.

या मे महिन्यात आई-बाबा आले आणि आम्ही डेव्हिस माउंटन्सला गेलो, साधारण पावणेपाचशे मैल. डॅलसमध्ये घाम फुटलेला, तिकडे रात्री स्वेटर. बाबांना जागेवर पोचल्यावर आत बसायचं नव्हतं. मी रिव्हर्स घेत असताना ते हौद्याच्या बाजूला, हात मागे बांधून, वाकून बघत उभे. ट्रेलर वळत गेला, हिच रुळांवरून हळूहळू मागे आली, सरळ झाल्यावर पुढे गेली. मी खाली उतरलो.

"अरे, हे तर जूच मागं सरकतंय की," ते म्हणाले. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं: चाळीस इंच, अठ्ठेचाळीस इंच, कॅम, पाती, किंमत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. हौद्याच्या कडेवरून विती टाकत पुढपर्यंत गेले, परत आले.

"मग हौदाच लांब का नाही घेतलास?"

मी चहा ठेवायला आत गेलो.