कॅनडा, स्वीडन की हंगेरी: ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये बचाव आणि मुत्सद्देगिरीचे राज्य

फिरॅक्सिस या कंपनीचा ‘सिव्हिलायझेशन ६’ हा पाळीपाळीने खेळायचा संगणकीय खेळ ऑक्टोबर २०१६ मध्ये आला तेव्हा त्यात मुत्सद्देगिरीने जिंकण्याचा मार्ग नव्हता. तो फेब्रुवारी २०१९ च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्ताराबरोबर आला आणि कॅनडा, स्वीडन व हंगेरी ही तिन्ही राज्येही त्याच विस्तारात मिळाली. कोणावरही चालून न जाता, आपली शहरे राखून आणि मैत्री जोडून जिंकायचे असेल तर यांपैकी कोणते राज्य घ्यावे, असे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा कॅनडाचे नाव सुचवले जाते. हा सल्ला चुकीचा नाही. मात्र त्यात एका महत्त्वाच्या प्रश्नाला बगल दिली जाते. शेवटच्या टप्प्यात फेवर, म्हणजे मते विकत घेण्याचे मुत्सद्देगिरीचे चलन, कोणाला किती मिळतो, यावर सगळी तुलना होते. पण हल्ला झालाच तर पहिली शंभर-सव्वाशे टर्न (पाळ्या) हे राज्य कशाच्या बळावर तग धरेल, हे आधी पाहिले पाहिजे, कारण दोन शहरे गमावलेल्या राज्याला वर्ल्ड काँग्रेसमध्ये, म्हणजे सर्व राज्ये ठरावांवर मते देतात त्या सभेत, फारसे काही करता येत नाही.

विजयासाठी २० विजयगुण लागतात. खेळ मध्ययुगात शिरला की वर्ल्ड काँग्रेस भरू लागते आणि सामान्य वेगाच्या खेळात तिची बैठक दर ३० टर्नांनी होते. प्रत्येक ठरावावर पहिले मत फुकट असते, त्यापुढचे १० फेवरला, त्यापुढचे २० ला, मग ३० ला, अशी किंमत चढत जाते. म्हणजे तीन जादा मतांना ६० आणि चार जादा मतांना १०० फेवर मोजावा लागतो. जो पर्याय मंजूर होतो त्यालाच आपण मत दिले असेल तर एक विजयगुण मिळतो. याखेरीज महाबोधी मंदिराचे दोन, पोताला राजवाड्याचा एक आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे चार गुण असतात. त्यांतील महाबोधी मंदिरासाठी स्वतःचा धर्म स्थापन केलेला असावा लागतो, त्यामुळे धर्माकडे दुर्लक्ष करणाऱ्याने ते दोन गुण हिशेबात धरू नयेत. आपत्तीनंतर मदत पाठवण्याच्या स्पर्धांमधूनही गुण येतात. हे नियम तिन्ही राज्यांना सारखेच लागू आहेत. फरक पडतो तो फेवर कुठून आणि कधी येतो, आणि तोपर्यंत सीमा कोण सांभाळतो, यात.

कॅनडाचे, म्हणजे विल्फ्रिड लॉरिए यांच्या राज्याचे, सर्वांत गाजलेले वैशिष्ट्य म्हणजे त्याच्यावर कोणालाही अचानक युद्ध पुकारता येत नाही. त्याच्या बदल्यात कॅनडालाही अचानक युद्ध पुकारता येत नाही आणि नगरराज्यांवर, म्हणजे संगणकाच्या हातातील एकाच शहराच्या लहान राज्यांवर, हल्ला करता येत नाही, पण शांततेने खेळणाऱ्याला त्याचे काही वाटू नये. ही ढाल दिसते तेवढी रुंद मात्र नाही. शेजाऱ्याने आधी आपला जाहीर निषेध केला आणि पाच टर्न थांबला, की त्याला औपचारिक युद्धाचा मार्ग मोकळा होतो, आणि त्यापासून कॅनडाला कोणतेही संरक्षण नाही. तेव्हा कॅनडाला मिळतो तो युद्धापासूनचा बचाव नसून पाच टर्नांची आगाऊ सूचना आहे. ही सूचना लहान समजू नये. पाच टर्नांत तिजोरीतील सोन्यातून दोन धनुर्धर विकत घेता येतात, तटबंदी पूर्ण करता येते, सीमेवरचा सेटलर (नवे शहर वसवणारी तुकडी) मागे घेता येतो. पण ज्याच्या तिजोरीत त्या वेळी काहीच नसते त्याच्यासाठी सूचना मिळणे आणि न मिळणे यांत फारसे अंतर राहत नाही. ढालीचा खरा उपयोग मैत्रीच्या जाहीरनाम्याबरोबर होतो, कारण मित्रराष्ट्राला आपला निषेध करता येत नाही आणि युद्धही पुकारता येत नाही. सर्वांत बलाढ्य शेजाऱ्याशी ३० टर्नांची मैत्री करून ती संपताच नव्याने करत गेलो, तर बाकीच्या, दूरच्या राज्यांकडून अवचित घाव बसण्याची भीती कॅनडाला राहत नाही. इतर राज्यांना ती राहते.

फेवरच्या बाजूने कॅनडा उशिरा जागा होतो. दर १०० पर्यटनामागे (पर्यटन म्हणजे राज्याच्या सांस्कृतिक आकर्षणाचे माप) त्याला प्रत्येक टर्नला एक फेवर मिळतो आणि आणीबाणी किंवा गुणांची स्पर्धा यशस्वी केल्यास मिळणारा फेवर दुप्पट होतो. ३०० पर्यटन असलेल्या कॅनडाला दोन बैठकांच्या मधल्या काळात ९० फेवर मिळेल, ज्यात एका ठरावाची तीन जादा मते येतात आणि ३० फेवर शिल्लक राहतो. पण ३०० पर्यटन मध्ययुगात कोणाकडेही नसते. ते आश्चर्ये (जगप्रसिद्ध वास्तू), कलाकृती, राष्ट्रीय उद्याने आणि आइस हॉकी रिंक यांतून हळूहळू जमते, त्यामुळे कॅनडाच्या खेळाडूने पहिल्या दोन-तीन बैठकांकडून मोठी अपेक्षा ठेवू नये आणि फुकटच्या मतावर भागवून फेवर साठवावा. टुंड्रा प्रदेशात शेती करता येण्याची सोय हा आणखी एक अप्रत्यक्ष बचाव आहे. ज्या थंड पट्ट्यात दुसरे कोणी शहर वसवायला तयार नसते तिथे कॅनडा आरामात पसरतो, आणि ज्या जमिनीवर इतरांचा डोळा नाही तिच्यावरून भांडणेही कमी होतात.

हंगेरी हे कागदावर लढवय्या राज्यासारखे दिसते, म्हणून शांततेने खेळणारे त्याच्याकडे वळत नाहीत. माझ्या मते या तिघांत बचावासाठी तेच सर्वांत भक्कम आहे. हंगेरीचा राजा माथ्यास कोर्विनस ज्या नगरराज्याचा अधिपती आहे त्याचे सैन्य सोने देऊन भाड्याने घेतो तेव्हा त्या सैन्याची चाल आणि ताकद दोन्ही वाढतात, त्याला अद्ययावत करण्याचा खर्च तीन-चतुर्थांशाने कमी होतो, आणि वर त्याच नगरराज्यात दोन दूत आपोआप पोहोचतात. हे शेवटचे कलम नीट वाचण्यासारखे आहे. अधिपती होण्यासाठी किमान तीन दूत आणि इतर सर्वांपेक्षा जास्त दूत लागतात. म्हणजे इतर राज्यांना जे स्थान दूत खर्चून टिकवावे लागते ते हंगेरीला सैन्य भाड्याने घेण्याच्या व्यवहारातच बळकट करून मिळते. सहाव्या दूताबरोबर येणारा जादा लाभही त्यामुळे लवकर पदरात पडतो. प्रत्येक अधिपत्यामागे दर टर्नला एक फेवर मिळतो, तेव्हा पाच नगरराज्यांचा अधिपती असलेल्या हंगेरीला दोन बैठकांच्या मधल्या काळात १५० फेवर मिळतो, आणि तो पर्यटनाची वाट न पाहता मिळतो.

बचावाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की हंगेरीला शांततेच्या काळात मोठे सैन्य पोसावे लागत नाही. उत्पादन व्यापारी केंद्र, बंदर आणि आश्चर्ये यांच्याकडे वळवावे, सोने साठवावे, आणि शेजाऱ्याने निषेध केला की जवळच्या नगरराज्याचे सैन्य ३० टर्नांसाठी आपल्या झेंड्याखाली आणावे. गव्हर्न्मेंट प्लाझा या विभागात परराष्ट्र मंत्रालय बांधले तर भाड्याचा खर्च निम्मा होतो. पुढे औद्योगिक युगात हुसार हे घोडदळ येते, ज्याची ताकद प्रत्येक चालू युतीमागे वाढते. मुत्सद्देगिरी आणि रणांगण यांची इतकी थेट गाठ घालणारी तुकडी इतर दोन राज्यांकडे नाही. शहराच्या मध्यभागापासून नदीपलीकडे बांधलेल्या विभागांना आणि त्यांतील इमारतींना ५० टक्के जादा उत्पादन मिळते, ते वेगळेच.

यात दोन धोके आहेत. पहिला म्हणजे सगळे काही सोन्यावर चालते. व्यापारी मार्ग लुटले गेले किंवा सोने दुसऱ्या हौशीवर उधळले, की ऐन वेळी सैन्य घेता येत नाही. शिवाय भाड्याचे सैन्य आपल्या सीमेवर गेले की ते नगरराज्य स्वतः उघडे पडते, हे विसरून चालत नाही. दुसरा धोका खेळाडूच्या स्वभावाचा आहे. स्वस्तात मिळालेले, वेगवान आणि बलवान सैन्य हाताशी असताना शेजाऱ्याची राजधानी घेण्याचा मोह होतो, आणि परक्यांची मूळ राजधानी ताब्यात ठेवली की दर टर्नला फेवर कापला जातो, शिवाय इतरांच्या मनात साचलेल्या तक्रारींमुळेही तो घटतो. ज्याला स्वतःला आवरणे कठीण जाते त्याने कॅनडा घ्यावा. तिथे नियमच बऱ्याच अंशी हात बांधतात.

स्वीडनची बाब सर्वांत सरळ आहे. राणी क्रिस्टिनाच्या या राज्याला प्रत्येक थोर व्यक्ती मिळाल्यावर ५० फेवर मिळतो. दोन थोर व्यक्ती म्हणजे एका ठरावाची चार जादा मते, आणि हा ओघ पहिल्या बैठकीच्याही आधीपासून सुरू होऊ शकतो. विद्यापीठे आणि कारखाने थोर शास्त्रज्ञ व अभियंते मिळण्याचा वेग वाढवतात, त्यामुळे उत्तरार्धात स्वीडनचा साठा इतरांना गाठता येत नाही. स्वीडन खेळात असेल तर औद्योगिक युगापासून नोबेल पारितोषिकांच्या स्पर्धाही वर्ल्ड काँग्रेसमध्ये येऊ लागतात. मात्र सुरुवातीच्या बचावासाठी या राज्याकडे स्वतःचे असे काहीच नाही. कॅरोलियन ही तुकडी न वापरलेल्या चालीच्या प्रमाणात बळकट होते, म्हणजे जागच्या जागी उभी राहून लढणाऱ्यासाठी ती उत्तम आहे, पण ती येते प्रबोधनकाळात. तोपर्यंत स्वीडनला सर्वसाधारण उपायांवरच अवलंबून राहावे लागते.

ते उपाय कोणत्याही राज्याला लागू पडतात, म्हणून थोडक्यात सांगतो. तटबंदीशिवाय शहराला शत्रूवर मारा करता येत नाही, तेव्हा सीमेवरच्या शहरात ती लवकर बांधावी आणि बांधताना लिमेस हे धोरण लावावे, ज्याने संरक्षक इमारतींचे उत्पादन दुप्पट वेगाने होते. व्हिक्टर हा गव्हर्नर इतरांपेक्षा लवकर, तीन टर्नांत, शहरात रुजू होतो, म्हणून त्याला संकटकाळासाठी मोकळा ठेवावा. नवे राज्य भेटताच शिष्टमंडळ पाठवावे. त्याला २५ सोने लागते, आणि एवढ्या स्वस्तात संबंध सुधारण्याचा दुसरा मार्ग खेळात नाही. युती करण्याची सोय सिव्हिल सर्व्हिस ही सामाजिक सुधारणा साधल्यापासून मिळते. तोवर मैत्रीचे जाहीरनामे हेच खरे कुंपण असते.

इतर पर्यायांपैकी जॉर्जियाचा विचार करण्यासारखा आहे, कारण त्याची राणी तामार हिचा धर्म ज्या नगरराज्यात बहुसंख्य आहे तिथे तिने पाठवलेला प्रत्येक दूत दोन दूतांसारखा मोजला जातो. पण सगळी मदार धर्म स्थापन होण्यावर असल्याने वरच्या काठिण्यपातळ्यांवर हा जुगार ठरतो. पेरिक्लिसचा ग्रीस मूळ खेळातच मिळतो आणि अधिपत्यामागे त्याची संस्कृती वाढते, तरी त्याचे बळ शेवटी सांस्कृतिक विजयाकडे झुकते. जॉन कर्टिन यांच्या ऑस्ट्रेलियावर कोणी युद्ध पुकारले तर १० टर्न उत्पादन दुप्पट होते. केवळ बचावाचा निकष लावला तर हे अप्रतिम आहे, पण मतपेटीत त्याचा थेट उपयोग नाही.

शेवटच्या टप्प्याबद्दल एक गोष्ट निवड करण्याआधीच माहीत असावी. आधुनिक युगापासून विजयगुणांचाच ठराव येतो, ज्यात एखाद्या राज्याला दोन गुण द्यायचे की त्याचे दोन काढायचे हे ठरते, आणि आपण १५-१६ गुणांपर्यंत पोहोचलो की संगणकाची राज्ये एकजुटीने आपले गुण काढण्यास मत देऊ लागतात. त्यांना मतांनी हरवण्याइतका साठा नसेल तर आपणही स्वतःच्याच विरोधात मत द्यावे; दोन गुण जातात, पण मंजूर पर्यायाला मत दिल्याचा एक परत मिळतो. साठ्याच्या या झुंजीत स्वीडन निर्विवाद पुढे आहे, हंगेरी त्याच्यामागे, आणि कॅनडा त्याच्या पर्यटनावर अवलंबून.

म्हणून पहिल्यांदाच या मार्गाने खेळणाऱ्याने मधल्या काठिण्यपातळीवर कॅनडा घ्यावा. तिथे सुरुवातीच्या चुका सुधारायला वेळ मिळतो. डीइटी या सर्वांत कठीण पातळीवर संगणकाच्या राज्यांना सुरुवातीलाच तीन सेटलर आणि जादा योद्धे मिळतात. तिथे मी हंगेरीच निवडीन, मात्र नकाशा जमिनीचा असावा आणि नगरराज्यांची संख्या खेळ मांडतानाच वाढवून ठेवावी, कारण शेजारी एकही नगरराज्य नसलेली हंगेरी ही निव्वळ नदीकाठची साधी वसाहत असते. स्वीडन बेटांच्या नकाशावर खुलते, जिथे समुद्र सुरुवातीचा बचाव करतो आणि शत्रूला समुद्र ओलांडून यावे लागते.