खर्रा सोडाले निकोटीन गम: पेरणीपासून तूर निघेपर्यंतचा अनुभव

ज्याले खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी, सोडाचा आहे अन् त्यासाठी निकोटीनची (तंबाखूतल्या लत लावणाऱ्या द्रव्याची) गम घेऊन पाहाची आहे त्याच्यासाठी लिहून राहिलो, कारण मेडिकलवाला पाकीट देते अन् मोकळा होते, खाची कशी ते कोणी सांगत नाही. पेरणीच्या टायमाले सुरू केली होती, आता तूर निघाली. खर्रा बंद आहे.

पहिले वेपचं निपटवतो, कारण पुण्याहून सुट्टीत आलेलं हरेक पोट्टं तेच सुचवते. ई-सिगारेटवर 2019 पासून देशभर बंदी आहे, बनवणं, विकणं, बाहेरून मागवणं, साठवणं सगळ्यावर. चोरून जे भेटते त्यात काय भरलं हे विकणाऱ्यालेही माहीत नसते. अन् खर्रावाल्याले वाफ पाह्यजेच कायले, त्याचं सगळं गालात!

गम 2 अन् 4 मिलिग्रॅम अशी येते. 2 वाली बिनाचिठ्ठीची भेटते, 4 साठी डॉक्टरची चिठ्ठी लागते. पाकिटातल्या कागदावर हिशेब सिगारेटीचा असते, आता खर्र्याचा हिशेब त्यात कसा बसवाचा? खूण एकच धरा, झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असन तर 4. माह्यं तर तोंड धुवाच्या आधी पन्नी घोटणं सुरू व्हायचं, म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं 4 च दिली अन् मंग हळूहळू 2 वर आणलं.

आता खरी गोष्ट. हे च्युइंगम नाही. हळूहळू चावाची, जिभेले झिणझिण अन् तिखट लागलं की थांबाची, गाल अन् हिरडीच्या मधात दाबून ठेवाची, झिणझिण गेली की परत दोन-चार डाव चावाची, जागा बदलून परत दाबाची, असा अर्धा तास जाते. निकोटीन गालातून रक्तात जाते, पोटातून नाही, म्हणून भराभर चावून लाळ गिळली तर उचक्या अन् मळमळ, वरून तलफ तशीच. चहाचंही तसंच. चहा, कॉफी, कोल्ड्रिंक घेतलं की तोंड आंबट होते अन् निकोटीन ओढल्याच जात नाही, म्हणून पंधरा मिनिटं आधी अन् गम तोंडात असेपर्यंत फक्त पाणी. आपल्याकडे कोणाच्याही घरी गेलं की कप पुढं येते, हे पथ्य सगळ्यात जड गेलं मले.

पण भाऊ, खर्र्यात तंबाखू एकटा नसते, सुपारी असते, अन् सुपारीची लत वेगळीच. गम निकोटीनची तलफ मारते, कडकड चावाची सवय तशीच राहते. त्याच्यासाठी खिशात भाजलेली जवस अन् बडीशेप ठेवली, गम तोंडात नसताना. तोंड आखडते तेही मुख्य सुपारीनंच. तीन बोटं उभी धरून दातांच्या मधात घालून पाहा, जात नसतील तर गम बाजूले ठेवा, पहिले दातांच्या डॉक्टरले दाखवा. जबडा दुखणाऱ्याले गम जमत नाही, त्याच्यासाठी अंगाले चिकटवाचा निकोटीनचा पॅच असते.

गम कमी करणं कागदावर सोपं दिसते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासाले एक, मंग दोन ते चार तासाले, मंग चार ते आठ, बारा आठवड्यात संपलं. कापूस वेचणीत मजुरांच्या तोंडात खर्रा अन् आपण धुऱ्यावर वजनकाटा धरून उभे, तिथं हा हिशेब कोलमडते. मी डॉक्टरले विचारून 2 वाली थोडी लांबवली. फुकट सल्ला पाह्यजे असन तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडणाऱ्यासाठी सरकारी क्विटलाइनचा नंबर आहे.

पैशाचं म्हणसान तर गम स्वस्त नाही, पण दिवसाचे खर्रे मोजा एकदा, तो खर्च कोणी वहीत लिहितच नाही. चवीत पुदिनाच बरा, बाकीच्या औषधासारख्या लागते. पोरांच्या हाती लागू देऊ नका, त्याहिले गोळीच वाटते. अन् तालुक्याले 4 वाली कधी असते कधी नसते, फोन करून विचारल्याशिवाय गाडीले किक मारू नका.