बग कुठे कळवायचा: प्ले स्टोअर रिव्ह्यू, ईमेल की बग ट्रॅकर?

अ‍ॅप बिघडलं, म्हणजे त्यात बग (चूक) निघाला, की आपण आधी प्ले स्टोअर उघडतो, एक स्टार देतो आणि लिहितो "अजिबात चालत नाही". राग खराच असतो, पण एवढ्यावरून डेव्हलपरने काय शोधायचं? त्याला तिथे उत्तराला ३५० अक्षरंच मिळतात, त्यामुळे बरेचदा "आम्हाला मेल करा" यावरच गाडी थांबते. दुरुस्ती हवी असेल तर माझ्या मते रिव्ह्यू शेवटी.

पैसे कापले गेले, लॉगिन होत नाही, असं काही असेल तर सरळ ईमेल, कारण त्यात तुमची खाजगी माहिती येते आणि ती चारचौघात टाकायची नसते. फक्त तोच त्रास अजून किती जणांना होतोय ते मेलमध्ये कळत नाही.

बाकी सगळ्याला मी बग ट्रॅकरच सांगेन, म्हणजे बग नोंदवायची, सगळ्यांना दिसणारी साइट. फायरफॉक्स ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे ऑफिसच्या कामाचं मोफत सॉफ्टवेअर, दोघांचे बग बगझिला नावाच्या ट्रॅकरवर जातात, अकाउंट काढावं लागतं, इंग्रजीत लिहावं लागतं, म्हणून लोक बिचकतात, पण मोडकंतोडकं इंग्रजी चालतं हो, काय काय केलं की बग येतो त्या पायऱ्या नीट पाहिजेत. मला एका एडिटरमध्ये "दऱ्या" टाइप केलं की "दर्या" दिसायचं. आपल्याला लगेच कळतं की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झालाय, पण मराठी न येणाऱ्या डेव्हलपरला दोन्ही सारखेच वाटणार ना! म्हणून मी दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावले, काय दिसायला हवं आणि काय दिसतंय, शिवाय फॉन्टचं नाव, व्हर्जन आणि तो एकच शब्द असलेली फाइल. तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये आणि दुसऱ्या अ‍ॅपमध्येही बघून घ्या, कारण लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम सगळेच अक्षरं जुळवायला हार्फबझ हे एकच सॉफ्टवेअर वापरतात, मग चूक फॉन्टची आहे की अ‍ॅपची याचा अंदाज तिथेच येतो आणि समोरच्याचे कितीतरी तास वाचतात.

दोन गोष्टी सांभाळा. जोडलेली फाइल कोणालाही दिसते, तेव्हा ऑफिसचं खरं पत्र किंवा आधार नंबर असलेलं काही टाकू नका. आणि रिपोर्ट टाकून गायब होऊ नका, लिब्रेऑफिसमध्ये माहिती मागितली की बग "नीडइन्फो"त (म्हणजे "माहिती हवी" या स्थितीत) जातो आणि तुम्ही उत्तरच दिलं नाही तर काही महिन्यांनी तो बंद करून टाकतात.